अधिक-उणे साडेचार

ऑगस्ट २००९ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक तिघे: नासाच्या गोडार्ड केंद्रातले मॅथ्यू रॉडेल, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले इझाबेला वेलिकोन्या व जेम्स फॅमिग्लिएटी. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्ली धरून) या प्रदेशातलं भूजल दरवर्षी १७.७ ± ४.५ घन किलोमीटरनं घटतंय, हा ग्रेस या उपग्रह-जोडीच्या मोजमापांवरून काढलेला त्यांचा निष्कर्ष. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सव्वासहा वर्षांत मिळून १०९ घन किलोमीटर पाणी गेलं होतं. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर वर्षाला साधारण ६२५ टीएमसी. म्हणजे काठोकाठ भरलेल्या कोयनेएवढी जवळपास सहा धरणं, दरवर्षी. आणि ते अधिक-उणे साडेचार म्हणजे दीड कोयना.

बातमीत पहिला आकडा पोचतो, अधिक-उणे वाटेत गळतं. पण दीड कोयना ही काही किरकोळ रक्कम नव्हे. ती ठरवली कुणी आणि कशी? उपग्रह आपल्या चुकीचा अंदाज मोजमापासोबत पाठवत नाही. तो माणसांनी मागाहून, तुकड्यातुकड्यानं केलेला हिशेब असतो आणि बऱ्याचदा मूळ आकडा काढण्यापेक्षा त्यालाच जास्त डोकं लागतं.

त्याच वर्षी दुसरा एक निबंध आला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले व्ही. एम. तिवारी आणि अमेरिकेतले जॉन वाहर व शॉन स्वेन्सन यांनी त्याच उपग्रहांची मोजमापं वापरली. उत्तर भारत आणि भोवतालच्या प्रदेशासाठी त्यांचा आकडा आला वर्षाला ५४ ± ९ घन किलोमीटर. एक म्हणतो पावणेअठरा, दुसरा म्हणतो चोपन्न. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कसे, ते अधिक-उण्याची फोड केल्यावरच कळतं.

अंतर मोजायचं, पाणी काढायचं

ग्रेस ही नासा आणि जर्मनीच्या डीएलआर या संस्थेची मोहीम. १७ मार्च २००२ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून दोन एकसारखे उपग्रह सोडले गेले. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, ध्रुवावरून ध्रुवावर जाणाऱ्या एकाच कक्षेत, एकामागे एक. मधलं अंतर साधारण २२० किलोमीटर. खाली जमिनीकडे पाहणारा कॅमेरा हे या मोहिमेचं उपकरण नव्हे. मोजायचं ते फक्त एकमेकांमधलं अंतर, आणि तेही मायक्रॉनच्या बारकाईनं, सूक्ष्मलहरींच्या साहाय्यानं.

पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की आधी तो खेचला जातो आणि अंतर वाढतं. मग मागचा तिथे पोचतो, तोही खेचला जातो आणि अंतर पुन्हा कमी होतं. विरळ हवेचा अडथळा आणि सूर्यप्रकाशाचा दाब यांनीही अंतर बदलतं. ते वेगळं काढण्यासाठी प्रत्येक उपग्रहात त्वरणमापक होता. महिनाभराच्या अशा मोजण्यांतून पृथ्वीच्या गुरुत्वाचा त्या महिन्याचा नकाशा तयार होतो. हे काम मुख्यतः तीन ठिकाणी होतं: ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, पासाडीनाची जेपीएल आणि जर्मनीतलं पॉट्सडॅम.

डोंगर आणि खडक महिन्याभरात हलत नाहीत. तेव्हा एका महिन्याच्या नकाशातून दीर्घकाळाची सरासरी वजा केली की उरतो तो बदल. हवेचं आणि समुद्राचं वस्तुमान मॉडेलवरून आधीच वजा केलेलं असतं. म्हणून जमिनीवर जे शिल्लक राहतं ते बहुतांशी पाणी: बर्फ, नद्या, धरणं, मातीतली ओल आणि भूजल, सगळं एकत्र. ते पाण्याच्या थराच्या जाडीत सांगतात. राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ४.३८ लाख चौरस किलोमीटर. त्यावर एक सेंटीमीटर जाडीचा थर म्हणजे साधारण ४.४ घन किलोमीटर पाणी. रॉडेल आणि सहकाऱ्यांचा थरातला आकडा होता वर्षाला ४.० ± १.० सेंटीमीटर. क्षेत्रफळानं गुणलं की १७.७ ± ४.५ मिळतात.

म्हणजे शोधायचं आहे ते एवढंच: हा एक सेंटीमीटर आला कुठून?

खरखर

ग्रेसचा कच्चा मासिक नकाशा पहिल्यांदा पाहणारा माणूस चक्रावतो. त्यात नद्यांची खोरी दिसत नाहीत, दिसतात उत्तर-दक्षिण पट्टे. जमिनीवर आणि समुद्रावर सारखेच, मूळ बदलापेक्षा कितीतरी ठळक. कारण कक्षेतच आहे. दोन्ही उपग्रह उत्तर-दक्षिण धावतात आणि अंतरही त्याच दिशेनं मोजतात. त्यामुळे त्या दिशेतला फरक त्यांना नेमका कळतो, पूर्व-पश्चिम फरक मात्र शेजारशेजारच्या फेऱ्यांची तुलना करूनच काढावा लागतो. मधल्या काळात हवेचा दाब बदललेला असतो, भरती-ओहोटी झालेली असते. हवेच्या आणि भरतीच्या मॉडेलमधली छोटीशी चूकसुद्धा पट्टा होऊन उमटते.

या चुका नेहमी वेड्यावाकड्या असतात असंही नाही. सूर्यामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीच्या मॉडेलमध्ये काही उणं राहिलं असेल, तर ग्रेसच्या फेऱ्यांच्या गणितात ते १६१ दिवसांची लाट होऊन दिसतं. ही लाट ठाऊक नसलेला माणूस तिला पावसाळ्याचाच एखादा अंश समजेल. म्हणून जाणकार हिशेबात ती आधीच वेगळी धरतात.

आता मुख्य अडचण. खरखर किती आहे हे ठरवायचं तर खरा आकडा माहीत हवा, आणि तोच माहीत नाही. चार लाख चौरस किलोमीटर जमिनीतलं एकूण पाणी दुसऱ्या कुठल्याही उपकरणानं मोजता येत नाही. यावर वाहर, स्वेन्सन आणि वेलिकोन्या यांनी २००६ मध्ये एक साधी वाट दाखवली. प्रदेशाची मासिक मालिका घ्या. तिच्यात बसणारी वार्षिक चढउताराची लाट काढून टाका: पावसाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. दीर्घकाळाचा कलही काढून टाका. मग जे दातेरी अवशेष उरतात, त्यांचा पसारा म्हणजे एका महिन्याच्या मोजमापाची त्रुटी, असं धरा.

त्या अवशेषांत सगळी त्रुटीच नसते. एखाद्या वर्षी जुलैत धो-धो पाऊस झाला, तर तो खरा बदलही अवशेषांतच येतो. म्हणून हा अंदाज वरच्या बाजूचा ठरतो, आणि सावध माणसाला तेच हवं असतं. पण उलटीही बाजू आहे. जी त्रुटी स्वतःच दरवर्षी त्याच महिन्यात येते किंवा सरळ रेषेत वाढत जाते, ती लाटेबरोबर आणि कलाबरोबर निघून जाते. अवशेषांत तिचा मागमूस राहत नाही. ही पद्धत तिच्या बाबतीत आंधळी आहे.

म्हणून पडताळ्याच्या आणखी वाटा धरतात. जिथे बदल जवळजवळ नसायलाच हवा अशा जागी, म्हणजे सहारासारख्या वाळवंटात किंवा खुल्या समुद्रावर, उपग्रह किती चढउतार दाखवतो ते पाहायचं. तो सगळा खोटा. किंवा तिन्ही केंद्रांचे नकाशे शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक मोजायचा. ही शेवटची वाट सोपी म्हणून लोकप्रिय आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. तिन्ही केंद्रं त्याच उपग्रहांची तीच मोजमापं वापरतात आणि त्यांची मॉडेलंही बरीचशी सारखीच असतात. तिघांची चूक एकच असेल, तर फरकात ती दिसणार नाही.

समजा, या सगळ्यातून एका महिन्याची त्रुटी २ सेंटीमीटर ठरली. ही रक्कम मोठी वाटते. पण आपल्याला हवा आहे सव्वासहा वर्षांचा कल, आणि त्याला पंचाहत्तर महिन्यांचा आधार आहे. प्रत्येक महिन्याची चूक स्वतंत्र असेल, तर नेहमीच्या सूत्रानं कलातली त्रुटी वर्षाला जेमतेम ०.१३ सेंटीमीटर भरते. महिने स्वतंत्र नसतात, कारण एका वाईट पावसाळ्याची छाया पुढच्या सहा-आठ महिन्यांवर राहते. पंचाहत्तर महिन्यांचं बळ प्रत्यक्षात बारा मोजण्यांएवढंच आहे असं धरलं, तरी त्रुटी ०.३ च्या आसपास येते.

मालिका कुठे सुरू होते, यानंही कल हलतो. २००२ साल देशभर दुष्काळाचं होतं. त्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. खालच्या पातळीवरून सुरू झालेली मालिका पुढची घट आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकते.

तरीही ०.३ म्हणजे १.० नव्हे. उपग्रहाची खरखर हा अधिक-उण्यातला सर्वांत उघड वाटा आहे, सर्वांत मोठा नाही.

गळती

पट्टे घालवायला नकाशा पुसट करावा लागतो. सूक्ष्म तपशील कापून टाकतात आणि प्रत्येक बिंदूवर भोवतालच्या सुमारे ३०० किलोमीटरच्या परिसराची भारित सरासरी घेतात. यात खरखर बसते, पण नकाशावरचं पाणी आपली जागा सोडतं. ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखं ते कडेनं पसरतं: एकूण शाई तेवढीच, थेंबाच्या जागी मात्र रंग फिका.

या पुसटपणाचा आवाका कळण्यासाठी महाराष्ट्राचं उदाहरण घेऊ. राज्याचं क्षेत्रफळ आहे सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर. ३०० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं येतं २.८ लाख. म्हणजे सबंध महाराष्ट्र ग्रेसच्या लेखी जेमतेम एक ठिपका. कोयनेतलं सगळं, सुमारे १०५ टीएमसी पाणी राज्यभर पसरलं तर थर भरतो एक सेंटीमीटरचा, आणि एका महिन्याच्या मोजमापातली त्रुटीच आपण २ सेंटीमीटर धरली आहे. कोयना भरली की रिकामी, हे या उपग्रहांना विचारण्यात अर्थ नाही.

वायव्य भारतात गळती दोन्ही दिशांनी होते. पंजाब-हरियाणातली घट पुसटपणामुळे सीमेबाहेर सांडते, म्हणून आतली घट खऱ्यापेक्षा लहान दिसते. त्याच वेळी उत्तरेकडचं हिमालयातलं वितळणारं बर्फ आणि पूर्वेकडची गंगेच्या मैदानातली घट आत झिरपते. एक चूक आकडा लहान करते, दुसरी फुगवते. त्या एकमेकींना किती छेदतात, हे नकाशावरून कळत नाही.

दुरुस्तीची प्रचलित रीत अशी. जमिनीवरच्या पाण्याचं एखादं संगणकीय मॉडेल घ्यायचं. त्यात प्रत्येक ठिकाणचं पाणी आपल्याला माहीत असतं, कारण ते आपणच तयार केलेलं असतं. मग ग्रेसच्या नकाशावर जी कापाकापी आणि जी पुसापुशी केली, तीच त्या मॉडेलवर करायची आणि प्रदेशाची सरासरी आधी किती होती, नंतर किती उरली ते पाहायचं. समजा आधी ४ होती आणि नंतर २.५ उरली. तर गुणक झाला १.६. ग्रेसचा पुसट आकडा या गुणकानं गुणायचा.

इथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली, गुणक आकड्याबरोबर त्रुटीलाही लागतो. आपली ०.३ आता जवळपास ०.५ होते. दुसरी जास्त घातक. बहुतेक मॉडेलांत पाऊस, बाष्पीभवन, मातीतली ओल असते. शेतकऱ्यानं बसवलेला पंप नसतो. त्यांतला मुख्य बदल ऋतूंचा असतो आणि तो सगळ्या प्रदेशावर बऱ्यापैकी सारखा पसरलेला असतो. भूजलाचा उपसा मात्र एकवटलेला असतो, पंजाब-हरियाणात गच्च आणि थरच्या वाळवंटात विरळ. ऋतुचक्रासाठी काढलेला गुणक उपशाच्या कलाला लावला, तर त्याची हमी कुणी द्यायची? जगभराच्या अशा गुणकांचा तक्ता २०१२ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या फेलिक्स लँडरर आणि स्वेन्सन यांनीही हा इशारा दिला होता.

मग गळतीची अनिश्चितता मोजायची कशी? घट वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून पाहायची. एकदा सगळ्या प्रदेशावर सारखी, एकदा फक्त सिंचनाच्या पट्ट्यात, एकदा सीमेपलीकडेही चालू असलेली. प्रत्येक मांडणी त्याच फिल्टरमधून काढली की प्रत्येकीचा गुणक वेगळा येतो. त्या गुणकांचा पसारा हाच या त्रुटीचा अंदाज. दिसायला ही आकडेमोड आहे, पण तिच्यात प्रदेशाची ओळख कामी येते. कालवे कुठे, विंधन विहिरी कुठे, खडक कसला, हे ज्याला ठाऊक आहे तोच सयुक्तिक मांडण्या निवडू शकतो.

अलीकडे मॅस्कॉन नावाची पद्धत रुळली आहे. तिच्यात पृथ्वीचा पृष्ठभाग ठरावीक तुकड्यांत विभागतात आणि अंतराच्या मोजमापांवरून थेट त्या तुकड्यांचं वस्तुमान काढतात. जेपीएलच्या मांडणीत असे ४,५५१ तुकडे आहेत. पट्टे त्यात बरेच कमी येतात. पण ते कमी होतात, कारण कुठे किती बदल संभवतो याची अपेक्षा गणिताला आधीच सांगितलेली असते. इथे मॉडेल शेवटी येण्याऐवजी आरंभीच येतं. अनिश्चितता जागा बदलते, नाहीशी होत नाही.

चाळीस चौकटी, अडीच मोजमापं

आज ग्रेसचे तयार नकाशे कुणालाही उतरवून घेता येतात. ते एक अंश किंवा त्याहून लहान चौकटींत मिळतात. आपल्या प्रदेशावर एक अंशाच्या सुमारे चाळीस चौकटी पडतात. प्रत्येकीची त्रुटी समजा ३ सेंटीमीटर. पाठ्यपुस्तकातलं सूत्र सांगतं की चाळीस मोजमापांची सरासरी घेतली तर त्रुटी चाळिसाच्या वर्गमुळानं भागायची. उत्तर येतं अर्ध्या सेंटीमीटरहून कमी. हा हिशेब पार चुकीचा आहे.

नकाशा आपणच ३०० किलोमीटरवर पुसट केला आहे. त्यामुळे शेजारच्या चौकटी ही वेगवेगळी मोजमापं नाहीत, एकच मोजमाप अनेक चौकटींत वाटलेलं आहे. एका चौकटीची चूक वरच्या बाजूला असेल, तर शेजारणीचीही तिकडेच असणार. खरा हिशेब करायचा तर प्रत्येक चौकटीची प्रत्येक दुसऱ्या चौकटीशी जोडी लावून, दोघींच्या चुका किती मिळत्याजुळत्या आहेत ते बेरजेत धरावं लागतं. चाळीस चौकटींच्या सोळाशे जोड्या. तसं केलं की चाळिसातली स्वतंत्र माहिती दोन-तीन मोजमापांएवढीच निघते, आणि सरासरीची त्रुटी पावणेदोन ते दोन सेंटीमीटरच्या घरात राहते.

चौकट लहान दिसते म्हणून माहितीही बारीक असेल, हा समज या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला हमखास नडतो. तालुक्याच्या आकाराची चौकट फाइलमध्ये असते, मोजमापात नसते.

वजाबाकीची किंमत

आतापर्यंतचा आकडा एकूण पाण्याचा आहे. भूजल हवं तर बाकीचं पाणी वजा करायला हवं: मातीतली ओल, बर्फ, धरणं, नद्या. धरणांच्या नोंदी असतात. मातीतली ओल एवढ्या मोठ्या प्रदेशावर आणि एवढ्या खोलीपर्यंत मोजली जात नाही. ती पुन्हा मॉडेलवरूनच घ्यावी लागते. रॉडेल यांनी नासाच्याच जीएलडास या प्रणालीतली मॉडेलं वापरली. एकच पाऊस दिला, तरी वेगवेगळी मॉडेलं ओलीचे वेगवेगळे आकडे सांगतात. त्यांच्यातला फरक हाच त्या वाट्याचा अंदाज धरतात.

वजाबाकीचा नियम निष्ठुर आहे: आकडे वजा होतात, अनिश्चितता मात्र वाढतच जाते. एकूण पाणी जेवढ्या खात्रीनं कळतं, त्याहून कमी खात्रीनं भूजल कळतं. कितीही काळजी घेतली, तरी यातून सुटका नाही.

याखेरीज काही किरकोळ दुरुस्त्या असतात. पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राचं सरकणं या जोडगोळीला दिसतच नाही. ध्रुवांकडचा चपटेपणाही ती नीट मोजत नाही. तो आकडा लॅजिओससारख्या, जमिनीवरून लेसरनं मोजल्या जाणाऱ्या उपग्रहांवरून घेतात. प्रत्येक उसनवारीबरोबर तिची त्रुटीही येते.

विहिरींवरून पडताळा घेता येतो, पण तोही वाटतो तितका सरळ नाही. केंद्रीय भूजल मंडळ देशभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं. पातळी एक मीटरनं उतरली म्हणजे किती पाणी गेलं, हे खडक ठरवतो. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत निथळून मिळणारं पाणी दहा टक्के धरलं, तर एक मीटर म्हणजे दहा सेंटीमीटर पाणी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात ते दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे एक मीटर म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर. मराठवाड्यात विहिरींनी तळ गाठला तरी उपग्रहाला फारसं काही का जाणवत नाही, त्याचं हे एक कारण. आणि ही टक्केवारी स्वतःच अंदाजाची असते, तेव्हा पडताळ्यालाही स्वतःचं अधिक-उणे असतंच.

सगळे वाटे एकत्र

वाटे हातात आले की ते जोडायचे कसे? एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत. एक वर गेली तर दुसरी खाली जाण्याची शक्यता असतेच. म्हणून प्रत्येकीचा वर्ग करून बेरीज करतात आणि वर्गमूळ काढतात. समजावण्यापुरते आकडे घेऊ: खरखर ०.३, गळती आणि गुणक ०.७ (गुणकामुळे खरखरीत होणारी वाढ यातच धरून), मातीतली ओल ०.६. वर्ग झाले ०.०९, ०.४९ आणि ०.३६. बेरीज ०.९४, वर्गमूळ ०.९७. सुमारे एक सेंटीमीटर.

आता याच हिशेबाशी थोडं खेळून पाहा. समजा नवा, दुप्पट चांगला उपग्रह आणला आणि खरखर निम्म्यावर आली. एकूण त्रुटी ०.९७ वरून ०.९३ होते. फरक नगण्य. त्याऐवजी गळतीचा वाटा निम्मा केला, तर ती ०.७६ वर येते. वर्गांच्या बेरजेत सर्वांत मोठा वाटाच राज्य करतो. पैसा आणि मेहनत कुठे लावायची, हे अधिक-उण्याची फोड केल्याशिवाय कळत नाही. २२ मे २०१८ रोजी ग्रेसचा उत्तराधिकारी, ग्रेस फॉलो-ऑन, अवकाशात गेला. त्याच्यावर सूक्ष्मलहरींच्या जोडीला लेसरही आहे. लेसर अंतर कितीतरी जास्त बारकाईनं मोजतो, पण महिन्याचे नकाशे त्या प्रमाणात सुधारले नाहीत. नकाशाला अडवणारी गोष्ट अंतर मोजण्यातली चूक नव्हती. हवा, भरती आणि समुद्र यांच्या मॉडेलांतली चूक होती.

या बेरजेत एक गृहीतही लपलेलं आहे: चुका खरोखर स्वतंत्र आहेत. गुणक काढायला आणि मातीतली ओल वजा करायला एकच मॉडेल वापरलं असेल, तर त्या स्वतंत्र नाहीत. अगदी वाईट धरायचं तर सरळ बेरीज, म्हणजे १.६. निबंध वाचताना वर्गमुळाची बेरीज दिसली, की स्वातंत्र्याची बाजू कशी मांडली आहे ते पाहावं. ± म्हणजे एक प्रमाण विचलन की दोन, हेही तिथेच शोधावं. एकाच मजकुराचा ±४.५ आणि ±९ असा फरक केवळ त्या निवडीनं पडू शकतो.

वर्षं वाढली तरी न झिजणारी चूक

खरखरीला काळाचं औषध चालतं. मालिका दुप्पट लांब झाली, तर कलातली स्वतंत्र खरखर जवळपास तिपटीनं कमी होते. पण काही चुका स्वतःच सरळ रेषेत चालतात. त्यांच्यावर काळाचा काही इलाज नाही.

याचा कडेलोट अंटार्क्टिकात दिसतो. गेल्या हिमयुगात तिथला बर्फ जास्त जाड होता. तो ओसरल्यावर खालचं कवच वर येऊ लागलं आणि हजारो वर्षांनंतर ते अजूनही वर येतंच आहे. खडक आत सरकतो, वस्तुमान वाढतं आणि ग्रेसला ते बर्फ वाढल्यासारखं दिसतं. ही वाढ मॉडेलवरून वजा करावी लागते, आणि मॉडेलचा आकडा चुकला तर ती चूक दरवर्षी तेवढीच, त्याच दिशेनं राहते. वीस वर्षं मोजा की चाळीस. गुरुत्वाखेरीज उंची आणि हिमप्रवाहाच्या वेगाची मोजमापंही एकत्र करणाऱ्या इम्बी या आंतरराष्ट्रीय गटानं २०१८ मध्ये पूर्व अंटार्क्टिकासाठी १९९२ ते २०१७ चा सरासरी आकडा दिला: वर्षाला ५ ± ४६ अब्ज टन. अधिक-उणे मूळ आकड्याच्या नऊपट. तिथला बर्फ वाढतोय की घटतोय, हेच त्या आकड्यावरून ठरत नाही. त्याच गटाचा २०२० चा ग्रीनलंडचा आकडा मात्र बोलका आहे: १९९२ ते २०१८ मध्ये ३,९०२ ± ३४२ अब्ज टन घट. तिथे घटच एवढी मोठी आहे की तिच्या असण्याबद्दल शंका उरत नाही.

भारताला हिमयुगाच्या या देण्याची फारशी झळ लागत नाही. आपल्याकडे कालानं न झिजणाऱ्या चुका आहेत त्या गुणकाच्या आणि पंप नसलेल्या मॉडेलांच्या.

दोन आकडे, दोन प्रदेश

आता पुन्हा त्या दोन निबंधांकडे. तिवारी आणि सहकाऱ्यांनी घेतलेला पट्टा पूर्व पाकिस्तानापासून उत्तर भारत ओलांडून बांगलादेशापर्यंत जातो, रॉडेल यांच्या प्रदेशाच्या कित्येक पट मोठा. साहजिकच एकूण घट मोठी. काळही अगदी तोच नाही: एप्रिल २००२ ते जून २००८. पण अधिक-उण्याचं प्रमाण पाहा. ५४ ला ९ म्हणजे सतरा टक्के, १७.७ ला ४.५ म्हणजे पंचवीस टक्के. पट्टा मोठा केला की बाहेर सांडणारं पाणी बरंचसं आतच राहतं, शेजाऱ्याची गळती ही गळती राहत नाही आणि अनिश्चितता प्रमाणानं घटते. त्याची किंमत अशी की घट पंजाबातली किती, उत्तर प्रदेशातली किती आणि सीमेपलीकडची किती, हे सांगता येत नाही. प्रदेश जेवढा लहान, तेवढा आकडा उपयोगाचा आणि तेवढाच डळमळीत.

म्हणून असा आकडा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात. सीमा कोणती? काळ कुठून कुठपर्यंत? अधिक-उण्यात कोणकोणते वाटे धरलेत, आणि त्यांतले उपग्रहाचे किती, मॉडेलांचे किती? आणि वर्षं वाढल्यावर त्यांतला कोणता वाटा कमी होणार?

१७.७ ± ४.५ ला हे प्रश्न विचारले तर उत्तर स्वच्छ आहे. घट त्रुटीच्या जवळपास चौपट आहे, म्हणजे भूजल जातंय याबद्दल वाद नाही. दरवर्षी सहा कोयना गेल्या की साडेचार, यावर वाद घालता येईल, पण धोरण बदलायला साडेचारही पुष्कळ आहेत. मात्र याच आकड्यातून कुणी संगरूरचा किंवा कर्नालचा जिल्हावार हिस्सा काढून दाखवत असेल, तर तो हिस्सा उपग्रहाचा नव्हे, काढणाऱ्याच्या मॉडेलचा आहे. जिल्ह्याचा आकडा हवा असेल, तर विहिरींत टेप सोडून पातळी मोजणाऱ्यांची संख्या वाढवावी लागेल.